सुरईतली मूठभर ज्वारी

कडब्याची गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. घुंगरांचा आवाज कोणत्याही गाडीचा असतो, तो सोडा. कडब्याचा म्हणून एक वेगळा आवाज आहे. दोन्हीकडच्या भिंतींना घासत, कुजबुजत, साऱ्या गल्लीच्या चुगल्या करत ती गाडी येते. आज सकाळी तशीच एक आली आणि नेमकी आमच्या दारापुढे अडकली. गाडीवाला बैलांवर ओरडला, शेजारी गाडीवाल्यावर ओरडला, आणि बैल भिंतीवरून गळलेला कडबा खात निवांत उभे राहिले. गाडी एकदाची निघाली तेव्हा माझ्या खाटेवर, धोतरावर, मिशीत पाचोळाच पाचोळा. सून झाडू घेऊन आली. मी म्हटलं, राहू दे, दुपारपर्यंत तरी राहू दे. म्हातारा कामातून गेला, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचं काही चुकलं नाही. तो वास नाकात शिरला की मी खरोखरच कामातून जातो.

वास कसा, ते सांगता येत नाही. उन्हात वाळलेला, गोडसर, थोडा धुळीचा, थोडा हुरड्याची आठवण ठेवून असलेला. शेगावच्या बाजारात एका अत्तरवाल्या चाचाला मी एकदा म्हणालो होतो की चाचा, कडब्याचं अत्तर काढा, पहिली कुपी माझी. त्यानं कुपीचं बूच लावत शांतपणे सांगितलं, "मियाँ, बैल खरीदेंगे, इन्सान नहीं." मी बैलात जमा झालो. पण त्या चाचानं आमच्या घरचा तो चैत्र पाहिला नव्हता. पाहिला असता तर त्यानं गुलाबाचं दुकान बंद करून कडब्याचं काढलं असतं.

आम्ही जातीचे कुंभार. शेगावपासून बैलाच्या दोन दमांवर आमचं गाव. नाल्याची माती अशी की तिच्यात पाय घातला तर पाय सोडायला ती तयार नसे. बाबा त्या मातीच्या सुरया करत. लांब मान, पोट तुंदिल, आणि आतलं पाणी असं गार की भर वैशाखात एका नायब तहसीलदारानं एक पेला पिऊन अंगावर घ्यायला घोंगडी मागितली होती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे तहसीलदार पाहिला. घोंगडीचं बाबांनी सांगितलं.

आमचं वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचं, हुकमानं इंग्रजाचं आणि कचेरीनं नागपूरचं. एका बैलाला तीन दावी. आम्हाला त्यातलं नागपूर तेवढं कामाचं वाटे, कारण तिथं कारकून होते. उन्हाळा लागला की मोठे साहेब पचमढीच्या डोंगरावर निघून जात आणि कारकून नागपुरात सुरईच्या गळ्याला मिठी मारून बसत. तिथल्या बर्डी बाजारातल्या एका व्यापाऱ्यानं बाबांची सुरई कुठंतरी पाहिली आणि मागणी धाडली. बाबांची छाती इतकी फुगली की त्या वर्षी त्यांना नवी बंडी शिवावी लागली.

सुरई करणं बाबांना येत होतं. ती नागपूरला धाडणं येत नव्हतं. घरातून बाजारात डोक्यावर नेणं वेगळं आणि आगगाडीच्या डब्यात हमालाच्या हाती देणं वेगळं. बाबा डाल्यात सुरया रचत, वरून कडबा कोंबत, दोरानं करकचून आवळत आणि डाग, म्हणजे पार्सलाचा बोजा, तयार झाला म्हणून मिशीवरून हात फिरवत. तो डाग बडनेऱ्याला पोचेपर्यंत त्याच्या खापऱ्या झालेल्या असत. दोनदा असं झालं. मग व्यापाऱ्याचा निरोप आला. पुढच्या खेपेला सुरया धाडू नका, सरळ माती धाडा, गाडीच्या हिसक्यानं ती इथं आपोआप घडेल. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचं जेवले आणि म्हणाले की आणखी एक खेप धाडू. ही फुटली तर नागपूरचं नाव घ्यायचं नाही.

त्याच माघात माझं लग्न झालं होतं.

तिचं नाव वच्छला. तेव्हा नाव घ्यायची रीत नव्हती आणि नंतर सवय नव्हती. आता दिवसातून कितीदा घेतो, कुणी हटकत नाही. ती दुसरबीडची. तेही कुंभाराचं घर, पण मोठ्या सडकेवरचं. तिकडच्या घागरी बैलगाडीतून जालन्याकडे जात, आणि ती सडक अशी की तिच्यावरून साबूत गेलेली घागर पुढं काशीलाही साबूत जाईल. त्यामुळे त्या घरच्या पोरींना चालता येण्याआधी बांधता येत असे, असं मी लोकांना सांगायचो. ती म्हणायची, चालता आधी आलं, बांधता नंतर. असा तिचा स्वभाव. माझ्या रंगवलेल्या गोष्टीवर पाणी टाकायची आणि वर हसायची.

बोलीवरून आमच्या घरी तिची फार टर उडे. आम्ही सारे 'मले, तुले' वाले आणि ती 'मला, तुला' म्हणे. माय चुलीपुढून म्हणायची, "मला म्हणे. मोठी साहेबीण आली दुसरबीडची." ती खाली मान घालून हसे आणि दुसऱ्या वाक्यात पुन्हा 'मला' म्हणे.

ती खेप तिनं बांधली. बाबांनी सांगितलं नव्हतं, तिनं विचारलं नव्हतं. एका सकाळी आम्ही उठून पाहतो तर अंगणात तुराट्यांची डाली ओळीनं मांडलेली, एकीकडे कडबा, एकीकडे गव्हांड्याचा, म्हणजे गव्हाच्या काडाचा ढीग, पाण्यात भिजत पडलेली दोरासाठीची अंबाडी, आणि मधोमध ही. डालं दोन पायांत धरून चाकासारखं हळूहळू फिरवी. तळाला गव्हांडा. मग प्रत्येक सुरईला कडब्याच्या मऊ पातीचं आंगडं. मानेला मान लागू द्यायची नाही. एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला. बाबा आवळत, ती आवळत नसे. ती म्हणे, आवळलं की फुटतं, जरा हलायला जागा पाहिजे. ओल्या अंबाडीचा दोर सैलसर फिरवी आणि तो वाळता वाळता स्वतःच बेतानं घट्ट होई. बांधून झालेला पहिला डाग तिनं माझ्यापुढे ढकलला आणि नजरेनं खुणावलं. मी तो माळवदावरून खाली टाकला. अंगणातली कोंबडी पळाली, कुत्रं पळालं, बाबा आडवे आले. डाग उघडला तर आत सुरया झोपलेल्या बाळांसारख्या. माळवदाची उंची मी सांगताना दरवर्षी थोडी वाढते, हे खरं आहे. पण टाकला होता, हे त्याहून खरं आहे.

अजून तो चैत्र डोळ्यांपुढे येतो तो असा. दुपारचं ऊन, निंबाची सावली अंगणभर, तिच्या केसांत, पापणीवर, कोपरावर कडब्याचे कण. हातातल्या बांगड्या वर सारून बांधलेल्या, म्हणून त्या वाजत नसत. अंबाडीचा ओला हिरवट वास आणि कडब्याचा वाळका. मी माती तुडवायला लावलेला, पण माझे पाय मातीत आणि मान अंगणाकडे. त्या चैत्रात आमच्या मातीत जेवढे खडे राहिले तेवढे आमच्या सात पिढ्यांत राहिले नसतील.

आता तिची एक गोष्ट सांगायची राहिली. प्रत्येक सुरई आंगडं घालायच्या आधी ती मांडीवर घेई आणि तिच्या तोंडातून मूठभर ज्वारी आत सोडी. मग गव्हांड्याचा बोळा लावी. बाबांनी पाहिलं. म्हणाले, हे काय. ती मायकडे तोंड करून म्हणाली की भांडं कुणाच्या घरी पहिल्यांदा जातंय, रिकामं कसं जाईल. बाबा म्हणाले, अवं पण हे विकलं. विकलेल्या भांड्याले कायची रीत. तिनं पुढची सुरई मांडीवर घेतली. माय मात्र झटकन उठली, आतून ज्वारीची पायली आणली आणि तिच्यापुढे ठेवली. शेजारणीची वाटीसुद्धा मायनं जन्मात रिकामी परत केली नव्हती. बाबांनी त्या दिवसापासून खळखळ ऐकू येत नसल्याचं सोंग घेतलं.

आणि आखाजी तोंडावर आली होती. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. मुलखातल्या झाडून साऱ्या लेकी त्या दिवशी माहेरी, निंबाला झोके, गाणी. कुंभाराच्या सुनेला मात्र ती चैन नाही, कारण त्याच दिवशी घरोघर पितरांच्या नावानं कोरी घागर भरतात आणि आमचं अंगण गिऱ्हाइकांनी भरतं. तिची ही लग्नानंतरची पहिली आखाजी. ती तोंडानं बोलत नसे, पण दुसरबीडच्या सडकेचा नुसता विषय निघाला तरी हातातला दोर थांबे. बाबांनी एका संध्याकाळी जाहीर केलं, "माल साबूत गाडीत चढू दे. मंग जा दोघंही आखाजीले." दोघंही म्हणाले ते. जावयालाही बोलावणं होतं. मी त्या क्षणापासून मनानं गाडीतच बसलो. वाटेतले मुक्काम, विहिरी, कोणत्या झाडाखाली भाकरी सोडायची, तिला कोणत्या गोष्टी सांगायच्या आणि त्यात किती खोटं घालायचं, सगळं ठरवून ठेवलं. घरात आम्हाला एकमेकांशी धड बोलताही येत नसे. सासरच्या अंगणात नवरा-बायको बोलली तर भिंती लाजत.

तिचा भाऊ किसना गाडी घेऊन आला. उंच, कमी बोलणारा, बहिणीसारखाच हसणारा. आल्या आल्या बाबांनी त्याच्या गाडीत सुरयांचे डाग चढवले. बहिणीला न्यायला आलेली गाडी आधी शेगावच्या ठेसनावर जाणार, माल चढवणार आणि तिथूनच आम्हाला घेऊन दुसरबीडची वाट धरणार. माय निरोप द्यायला वेशीपर्यंत आली. वच्छला डागांच्या मध्ये जागा करून बसली, जणू तिलाही कुणी बांधून ठेवलं होतं.

ठेसनावरचा पार्सलबाबू अकोल्याकडचा, कपाळाला आठ्या घालूनच जन्मलेला. त्यानं पहिला डाग उचलला, हलवला आणि कानाशी नेला. आतून खळखळ. तो म्हणाला की हे तर इथंच फुटलं, मी पावतीवर फुटका माल लिहितो. बाबांचा चेहरा भांडी भाजायच्या आव्यातल्या राखेसारखा झाला. फुटका माल लिहिलं की व्यापारी हात वर करणार. बाबा म्हणाले, फुटला नाई, आत ज्वारी आहे. बाबू म्हणाला, मग तुम्ही रिकामी भांडी काऊन सांगितली. रिकाम्या भांड्यांचा दर वेगळा, धान्याचा वेगळा, खोटं लिहिलं तर माह्या नोकरीवर ज्वारी पेरली जाईल. सगळे डाग सोडा, ज्वारी काढा, पुन्हा बांधा.

पुन्हा बांधायला चार दिवस लागले असते. ते बांधणं तिच्याशिवाय कुणाला जमणार नव्हतं. आखाजी तर परवावर आली होती. किसना बैलांची शिंगं न्याहाळत उभा राहिला. बाबा माझ्याकडे पाहत होते, मी दुसरीकडे.

गाडीतून आवाज आला. सासरा समोर, परका पुरुष समोर, तेव्हा ती बोलली ती डाव्या बैलाशी.

"त्यांना इचार, त्यांच्या घरी शेजारणीची वाटी रिकामी परत देत्यात का?"

बैलानं कान हलवला. पार्सलबाबूनं आधी बैलाकडे, मग गाडीकडे पाहिलं. काय वाटलं त्याला कुणास ठाऊक, तोही बैलाशीच बोलू लागला.

"तिले सांग, ते घर आहे. हे ठेसन आहे."

"त्यांना सांग, ही सुरई ठेसनात राहाणार न्हाई. कुणाच्या तरी घरीच जाणार."

बाबू डागापाशी वाकला. मग त्यानं डागातून एक पात ओढली. पातीला चुकून राहिलेलं अर्धं कणीस होतं. त्यानं ते तळहातावर चोळलं आणि दाणे मोजल्यासारखे पाहिले. म्हणाला, कडब्यात चार दाणे राह्यतातच. आणि पावतीवर लिहिलं, मातीची भांडी, बांधणी कडब्याची. बाबांनी त्याच्या पायाला हात लावायचं तेवढं बाकी ठेवलं. पण बाबूच्या आठ्या काही मिटल्या नव्हत्या. तो म्हणाला, "हे मी माह्या अंगावर घेतलं. माल साबूत पोचल्याची पोच येईपर्यंत तुमचा एक माणूस इथं राह्यला पाह्यजे. कुणी विचारलं तर मी कोणाले दाखवू?"

बाबांच्या आव्यात आखाजीच्या घागरी होत्या. गाडी किसनाची. उरलं कोण, ते सगळ्यांना एकदमच कळलं. मूठभर ज्वारीपायी ओलीस राहिलेला मुलखातला पहिला जावई मी.

ती जाताना माझ्याशी बोलली नाही, बोलणं शक्यच नव्हतं. गाडी वळताना बैलाला म्हणाली, "ह्यांना सांग, भाकरी फडक्यात हाय. कांदा बी हाय." मीही बैलालाच म्हणालो की सांग तिले, भेटली. गाडी हलली. डाग उतरल्यानं ती आता ऐसपैस झाली होती, आणि वच्छला त्या मोकळ्या गाडीत अगदी कडेला बसली होती. बाजूची जागा तिनं तशीच सोडली होती. दुसरीकडे फलाटावर आगगाडीनं डाग गिळले आणि शिट्टी देऊन नागपूरकडे निघाली. एक पूर्वेला, एक दक्षिणेला. मी मधे, हातात फडकं, पायाशी कडब्याच्या काड्या.

शेगावात उतरायला जागा पुष्कळ. मी धर्मशाळेत पथारी टाकली आणि दिवसभर फलाटावर बसू लागलो. आखाजीच्या दिवशी फलाटाच्या नळाशी बायकांनी कोऱ्या घागरी भरल्या. मी डोळे मिटले की दुसरबीडचा मी कधी न पाहिलेला निंब दिसे, त्याला झोका, झोक्यावर ती. त्या झोक्याला मी एवढी उंची दिली की तिथून तिला शेगावचं ठेसन दिसायला हवं होतं. येणाऱ्या जाणाऱ्याला मी सांगत असे की बायको माहेरी गेली, आणि मग तिच्या बांधणीच्या गोष्टी. पहिल्या दिवशी डाग मी माळवदावरून टाकला होता. शेवटच्या दिवशी मी तो आगगाडीखाली टाकला होता आणि आगगाडी उलटली होती. चहावाला म्हणाला, "बे, तुले बायकोची लई याद येऊन राह्यली."

मग एका दुपारी गाडीतून गार्डानं मान बाहेर काढली आणि मला हाक मारली. सारे डाग साबूत पोचले होते. एका सुरईचा कानही उडाला नव्हता. व्यापाऱ्याच्या म्हाताऱ्या आईनं सुरयांतली ज्वारी पदरात गोळा केली आणि भाकरी करून हमालांना वाढल्या म्हणे. रिकामी डाली गाडीतून परत आली होती. पण भांडं भरून आलं तर डालं रिकामं कसं धाडू, असा तिचा निरोप होता. डाल्यात शेवटच्या बहराची सुरकुतलेली संत्री होती. पार्सलबाबूनं एक घेतलं, पावती फाडली आणि मला मोकळं केलं.

मोकळा होऊन जातो कुठं? बाबांचा निरोप होता की आखाजी झाली, आता तिकडे जाऊन काय कडबा खाशील, माती तुडवायला ये. जालन्याकडे सरकी नेणारा एक गाडीवान भेटला. संत्र्यांचं गाठोडं मी त्याच्या हाती दुसरबीडला धाडलं. तो फार प्रामाणिक माणूस. उन्हानं नासतील म्हणून त्यानं वाटेत संत्री खाल्ली आणि सालं मात्र एकूण एक तिच्या हाती दिली. नागपूरची आहेत, तुमच्या मालकानं धाडलीत, असं सांगून.

घरी सारं अंगण झाडून लख्ख होतं आणि त्याचाच मला राग आला. कुठल्या तरी सांदीत एखादी काडी सापडली तर मी ती कानावर ठेवून फिरत असे. वऱ्हाडातला वैशाख तसाच लांब असतो. त्या वर्षी तर सूर्य आमच्या गावावर येऊन बसकण मारी आणि उठायचं नावच घेत नसे. बाबांनी मला एकदाही टोकलं नाही. माय ताटात एक भाकरी जास्त वाढे आणि मग आपणच उचलून घेई.

मृगाच्या आधी ती आली. मी गुडघाभर मातीत. दारात गाडी थांबली, किसना खाली उतरला, आणि ती बोचकं छातीशी धरून उंबऱ्याशी उभी राहिली. लुगड्याला संत्र्याच्या सालांचा वास. माय चुलीशी, बाबा चाकाशी, शेजारीण कुंपणाशी, सारे पाहत होते. महिनाभर मी मनात एवढी वाक्यं घडवली होती की त्यांनी नागपूरची मालगाडी भरली असती. त्यातलं एकही तोंडाशी आलं नाही. म्हणालो, "आली काय?"

तिनं बैलाकडे पाहिलं नाही, किसनाकडे पाहिलं नाही. सगळ्यांदेखत सरळ माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई. अजून वाटंतच हाय."

माय एवढी हसली की भाकरी करपली.

नंतर पुष्कळ चैत्र आले. डाग बांधले गेले, नागपूरचा व्यापारी गेला, त्याचा मुलगा आला. पोरं झाली, मोठी झाली. आता बाजारात पत्र्याच्या टाक्या आल्या आणि सुरई मागणारा विरळा झाला. हे सारं मी ओळीनं सांगू शकतो, रंगवूनही सांगू शकतो. पण हुरहूर लागते ती त्या एका महिन्याची, जेव्हा ती नव्हती आणि यायची होती. वाट पाहण्याइतकी श्रीमंती मी पुन्हा अनुभवली नाही.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात ती गेली. लोक येतात, समजूत घालतात. मी मान हलवतो. मी जन्मभर इतक्या बाता मारल्या की माझ्या तोंडचं खरंही लोक चाळून घेतात. ती तशी नव्हती. माळवदाची उंचीसुद्धा तिनं कधी हातभर वाढू दिली नाही. तिच्या सबंध जन्मातलं एकच खोटं मला आठवतं, आणि तेही ती उंबऱ्याशी उभी राहून, माझ्याकडे सरळ पाहून बोलली. सून म्हणते, मामंजी, खाट आत घ्या, ऊन लागंल. मी दाराकडे तोंड करून बसून राहतो. तिचं ते एवढं एक खोटं मी खरं धरून चाललो आहे.